दारूगोळ्यातील ‘दारू’

अबुल फजलाच्या ‘आइन-ए-अकबरी’त वऱ्हाड सुभ्याचे वर्णन करताना मेहकर सरकारातील लोणारचा उल्लेख आला आहे. तेथील डोंगरात काच व साबण यांस लागणारी द्रव्ये मिळतात, शोराही निघतो आणि त्यापासून सरकारास बराच महसूल येतो, असा त्याचा आशय आहे. शोरा हा बंदुकीच्या दारूचा मुख्य घटक. तेव्हा आजच्या बुलढाणा जिल्ह्यातील हे सरोवर मोगली तोफांचे एक आगर होते, असे म्हणण्याचा मोह होतो. तथापि सरोवराच्या पाण्यात प्राधान्याने आढळतात ते सोडियमचे कार्बोनेट व क्लोराइड. दारूसाठी हवा असतो पोटॅशियम नायट्रेट. तो जुन्या वस्त्यांतील व गोठ्यांतील लोणा माती धुऊन काढीत, आणि तशी माती लोणारच्या परिसरातही असू शकेल. परंतु ‘शोरा’ या फारसी शब्दाच्या मुळाशी ‘शोर’ म्हणजे खारट एवढाच अर्थ आहे. केवळ शब्दावरून द्रव्य ठरविणे येथे धोक्याचे होय.

‘दारूगोळा’ या शब्दाबाबत नेमकी उलट चूक होते. फारसीत ‘दारू’ म्हणजे औषध. हा अर्थ मराठीत ‘दवादारू’त टिकला, आणि त्याच शब्दाने मद्य व स्फोटक चूर्ण असे आणखी दोन अर्थ धारण केले. राज्यव्यवहारकोशाने फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले, तरी ‘दारू’ आणि ‘तोफ’ लोकांच्या तोंडून गेले नाहीत. पुढे १८८४ मध्ये व्हिएय या फ्रेंच रसायनज्ञाने नायट्रोसेल्युलोजपासून निर्धूम दारू सिद्ध केली आणि शोरा ७५, कोळसा १५, गंधक १० या प्रमाणाची काळी दारू मुख्य भरणातून हटली. वस्तू गेली, शब्द तेवढा उरला, अशी समजूत त्यातून रूढ झाली. भाषाभ्यासकाला अशी उदाहरणे प्रिय असतात. पण हे उदाहरण टिकत नाही.

निर्धूम दारू शक्तिमान खरी, पण पेटण्यास मंद. मोठ्या तोफेच्या लांब भरणात ती सर्वत्र जवळजवळ एकाच वेळी पेटली पाहिजे. एका टोकाशी आधी पेटली तर नळीत दाबाच्या लाटा उसळतात आणि तोफेलाच अपाय होऊ शकतो. काळ्या दारूच्या ज्वलनातून निम्म्याहून अधिक वस्तुमान घन वा वितळलेल्या क्षारांच्या रूपाने बाहेर पडते. एके काळी नळी घाण करणारा म्हणून हाच तिचा मोठा दोष गणला जाई. आता तेच तप्त कण मुख्य भरणाच्या दाण्यांवर जाऊन बसतात व त्यांना पेटवितात. म्हणूनच १५५ मिलिमीटर तोफांच्या कित्येक भरणांत बुडाशी काळ्या दारूची लहान पिशवी शिवलेली असते. प्रकाशगोळ्यातील दिवा व छत्री बाहेर ढकलणे, विलंबाने पेट पोहोचविणे, सलामीची तोफ उडविणे ही कामेही तिच्याकडे आहेत. वऱ्हाडातील काळ्या खडकात विहिरी खोदताना सुरुंगाला लावीत ती सेफ्टी फ्यूजची वात १८३१ मध्ये बिकफर्डने शोधली. तिच्या गाभ्यातही हीच दारू असते.

तिला पर्याय शोधले गेले नाहीत असे नाही. बोरॉन व पोटॅशियम नायट्रेट यांचे मिश्रण वापरात आहे. काळ्या दारूचे घटक नायट्रोसेल्युलोजात मिसळून केलेली बेनाइटही आहे. काळी दारू ओल धरते, ठिणगीने चटकन पेटते, आणि कोळसा कोणत्या लाकडाचा यावर तिचे ज्वलन बदलते. ही कारणे पर्याय शोधण्यास पुरेशी होती. तरीही सोपी, स्वस्त आणि भरवशाने पेटणारी म्हणून ती कायम आहे. अडचण निराळीच आहे. तिचा खप थोडा, म्हणून कारखानेही थोडे. अमेरिकेत लुइझियानातील मिंडन येथील कारखान्यात जून २०२१ मध्ये स्फोट झाला, त्याच वर्षी तो बंद करण्याचे ठरले आणि २०२२ मध्ये दुसऱ्या कंपनीने तो विकत घेतला. गोळ्याच्या किमतीत नगण्य भासणारा असा घटक वेळेवर मिळाला नाही, तर बाकी सारे भरण तयार असूनही पडून राहते.

महाराष्ट्रात खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ मध्ये, म्हणजे काळ्या दारूच्याच अमदानीत सुरू झाला. २०२१ पासून तो म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे आहे. त्याच्या नावातील ‘दारू’ला केवळ व्युत्पत्तीचा अवशेष म्हणता येणार नाही.