पाटीचा दगड आणि लेझरचे कोरीव काम
(घरच्या घरी करावयाची पूर्वतयारी व अखेरचा हात)

दगडावर अक्षरे कोरवून ठेवण्याची परंपरा आपल्याकडे नवी नाही. श्रवणबेळगोळ येथे गोमटेश्वराच्या भव्य मूर्तीच्या पायाशी असलेल्या लेखाची गणना मराठीच्या जुन्या शिलालेखांत होते, हे वाचकांस विदित आहेच. आपल्या तेलंगणातही करीमनगरच्या बाजूस कुरिक्याल येथील बोम्मलगुट्टा टेकडीवर दहाव्या शतकातील जिनवल्लभाचा कन्नड, संस्कृत व तेलुगू अशा तीन भाषांतील लेख आहे. त्या काळी एकेक अक्षर पाथरवटाच्या छिन्नीतून उतरत असे. आज तेच काम लेझरची शलाका करते, आणि दुकानाचा नामफलक किंवा वडील माणसाच्या स्मरणार्थ लावावयाची शिला घरातील टेबलावर मावणाऱ्या यंत्रावर तयार होऊ शकते.

यंत्राची माहिती विक्रेत्याकडून भरपूर मिळते. दगडाची मात्र कोणी देत नाही. आमचा अनुभव असा की, काम बहुधा बिघडते ते दगड यंत्राखाली ठेवण्यापूर्वीच. यास्तव ज्या सभासदांच्या घरी असे यंत्र आहे, तसेच जे दगड स्वतः तयार करून बाहेरून कोरवून घेतात, त्या सर्वांच्या उपयोगासाठी ही माहिती येथे देत आहो.

आमची पहिली चूक

आमच्या तीर्थरूप आजोबांच्या नावाची एक लहान शिला घराच्या प्रवेशद्वाराशी बसवावी असे आम्ही योजिले. पाटीचा दगड म्हणून एक काळा, गुळगुळीत तुकडा विकत आणला व त्यावर अक्षरे कोरली. ती दुधासारखी पांढरी उठली. घरातील सर्वांस समाधान वाटले. पुढे पावसाळा आला, आणि चार-सहा सरींनंतर अक्षरांचा पांढरेपणा धुऊन जाऊ लागला. श्रावण संपेपर्यंत नाव जवळ जाऊन वाचावे लागे. विचारपूस करता कळले की तो दगड पाटीचा नव्हताच; तो कडप्पा होता.

दोन दगडांतील भेद

हैदराबादच्या आसपास फरशीसाठी व ओट्यासाठी जो दगड वापरला जातो, तो बहुतेक चुनखडीच्या जातीचा असतो. शहाबाद (हे गाव १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातच होते), विकाराबाद जिल्ह्यातील तांडूर आणि आंध्र प्रदेशातील कडप्पा या तिन्ही ठिकाणचा दगड याच जातीचा. पाटीचा खरा दगड निराळा. फार प्राचीन काळी साचलेला बारीक गाळ भूगर्भातील दाबाने व उष्णतेने घट्ट होऊन तो बनतो, आणि त्याचे सपाट पापुद्रे निघतात. आपल्याला सर्वांत जवळची प्रसिद्ध खाण म्हणजे आंध्र प्रदेशातील मार्कापूर. शाळेतील पाट्यांसाठी या गावाचा एवढा लौकिक की तेलुगूत त्यास ‘पलकांचे मार्कापूर’ म्हणतात. पलक म्हणजे पाटी.

हा भेद लेझरखाली महत्त्वाचा ठरतो. पाटीच्या दगडावर शलाका पडली की पृष्ठभागाचा अत्यंत पातळ थर वितळतो आणि लगेच थिजून काचेसारखा होतो. त्यात सूक्ष्म बुडबुडे राहतात. त्यांवरून प्रकाश चहूकडे विखुरतो व अक्षर राखाडी-पांढरे दिसते. हा थर दगडाचाच भाग असल्याने पाण्याने जात नाही. चुनखडीच्या दगडाचे तसे नाही. भट्टीत चुनखडीचा चुना होतो, त्याच रीतीने लेझरच्या उष्णतेने पृष्ठभागाची अंशतः चुन्याची पूड होते. ती प्रथम शुभ्र दिसते आणि पुढे धुतली जाते. घरात भिंतीवर लावावयाच्या वस्तूस कडप्पा चालेल. पावसात राहावयाच्या शिलेस तो घेऊ नये.

दगडाची पारख

पारख करण्यास लिंबू पुरे. दगडाच्या मागील बाजूस खिळ्याने ओरखडा काढावा, निघालेल्या पुडीवर लिंबाच्या रसाचे दोन थेंब टाकावेत व थोडा वेळ पाहावे. बारीक फेस आला तर दगड चुनखडीचा. काही न झाल्यास तो पाटीचा असण्याचा संभव मोठा. ही परीक्षा वखारीतच करावी. दुकानदाराने त्याचा राग मानण्याचे कारण नाही.

त्यानंतर दगड दोन बोटांवर तोलून धरावा आणि दुसऱ्या हाताच्या बोटाने टिचकी मारावी. आवाज खणखणीत यावा. बद्द आवाज आल्यास आत भेग आहे अथवा पापुद्रा सुटलेला आहे असे समजावे. पितळेसारखे चमकणारे कण असतील तर तो दगड बाहेरच्या कामास घेऊ नये. ते लोह व गंधक यांच्या संयोगाचे कण असून पावसाने गंजतात आणि त्यांचे तांबूस ओघळ अक्षरांवर येतात. शेवटी पाण्याचा एक थेंब टाकून पाहावा. तो मोत्यासारखा उभा राहिल्यास दगडास आधीच तेल वा रोगण लावलेले आहे. असा दगड टाळणेच उत्तम, कारण रोगण जळून डाग पडतात आणि धूरही होतो.

घासणी व धुळीचा धोका

नैसर्गिक पापुद्र्याचा खडबडीतपणा दिसावयास सुंदर असतो, परंतु लेझरची शलाका एका ठराविक अंतरावरच बारीक बिंदूत एकवटते. दगडात एक-दोन मिलिमीटरहून अधिक चढउतार असल्यास काही अक्षरे रेखीव व काही अस्पष्ट उठतात. बारीक मजकुरासाठी दगड घासून सपाट करणे भाग आहे. राणीगंज वा बेगम बझार येथील हार्डवेअरच्या दुकानांत वॉटर पेपर मिळतो. सपाट लाकडी ठोकळ्यास तो गुंडाळून प्रथम १२० नंबरचा, नंतर २२०चा व शेवटी ४०० नंबरचा वापरावा. प्रत्येक वेळी आधीच्या कागदाचे ओरखडे पूर्ण नाहीसे झाल्याशिवाय पुढचा कागद हाती घेऊ नये. कडा कानशीने हलक्या हाताने मारून घ्याव्यात, म्हणजे पापुद्रे सुटत नाहीत.

येथे आमची वाचकांस आग्रहाची विनंती आहे. ही सर्व घासणी पाण्याखालीच करावी. कोरड्या दगडास कागद, कानस किंवा विजेचे यंत्र लावू नये. पाटीच्या दगडात गारेचा अंश असतो. त्याची डोळ्यांस न दिसणारी धूळ श्वासाबरोबर फुप्फुसात जाऊन तेथेच राहते आणि सिलिकोसिस नावाचा रोग जडतो. तो बरा होत नाही. मध्य प्रदेशातील मंदसोर येथे शाळेच्या पाटीवरील पेन्सिली कापण्याचा धंदा होता. तेथील कामगारांची अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने तपासणी केली. १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तपासलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक कामगारांस हा रोग जडलेला होता. आपल्या मुलांनी ज्या पेन्सिलींनी अक्षरे गिरविली, त्या कापणाऱ्यांच्या वाट्यास हे आले, याचे स्मरण प्रत्येक घरी राहावे. एखाददुसरी शिला घासणाऱ्यास तेवढा धोका नाही हे खरे. तथापि ज्या खोलीत लहान मुले वावरतात, तेथे ही धूळ उडविण्याचा अधिकार कोणासही नाही. ज्यांच्या कारखान्यात नोकर हे काम करतात, त्या सभासदांवर तर पाण्याची व्यवस्था करण्याची जबाबदारी अधिकच आहे.

घासताना निघालेला राडा मोरीत सोडू नये. तो बादलीत निवळू द्यावा, वरचे पाणी ओतावे आणि खालचा चिखल ओला असतानाच कागदात गुंडाळून टाकावा. फरशी झाडूने न झाडता ओल्या फडक्याने पुसावी.

धुणे व वाळविणे

घासणी झाल्यावर मऊ ब्रशाने व थोड्या साबणाने दगड धुवावा आणि स्वच्छ पाण्याने दोनदा खंगाळावा. छिद्रांत राहिलेला राडा कोरताना अक्षरांत बसतो व त्यांस मळकट छटा येते. नंतर दगड जाळीवर उभा ठेवून पूर्ण एक दिवस वाळू द्यावा. पावसाळ्यात दोन दिवस. पापुद्र्यांत पाणी राहिल्यास लेझरच्या उष्णतेने त्याची वाफ होते आणि कवचा उडतात. वाळलेल्या दगडास बोटांचा तेलकट स्पर्श होऊ देऊ नये. तो कडेने धरावा. कोरण्यापूर्वी तेल लावण्याची काहींची पद्धत आहे. आमच्या मते ती योग्य नव्हे. तेल जळून धूर होतो आणि यंत्राच्या भिंगावर काजळी धरते.

मजकुराची मांडणी

देवनागरी अक्षरांस काही विशेष काळजी लागते. अनुस्वाराचा बिंदू, रफार व ऱ्हस्व-दीर्घ वेलांट्या बारीक असल्या तर दगडाच्या कणांत हरवतात. यास्तव अक्षराची उंची निदान सात-आठ मिलिमीटर असावी आणि ठळक वळणाचा टंक निवडावा. कित्येक यंत्रांच्या प्रणालीत जोडाक्षरे तुटतात. ‘श्री’चे दोन तुकडे झालेले आम्ही पाहिले आहेत. मजकूर आधी संगणकावर चित्ररूपात करून मग यंत्रास द्यावा म्हणजे ही अडचण येत नाही. छायाचित्र कोरावयाचे असल्यास ते उलट करून घ्यावे. कागदावर शाईने काळे उमटते. येथे शलाका जेथे पडेल तेथे पांढरे उमटते. ही गोष्ट विसरल्यास पांढऱ्या केसांचे आजोबा काळ्या केसांचे होतात व चेहरा ओळखू येत नाही.

नाव, तिथी व सन घरातील दोन निराळ्या माणसांकडून वाचवून घ्यावेत. पाटीवरील चूक ओल्या फडक्याने पुसता येई. येथे ती घालवावयाची तर सारी शिला पुन्हा घासावी लागते.

यंत्राविषयी थोडेसे

घरगुती यंत्रे मुख्यतः दोन प्रकारची. एकात निळा प्रकाश देणारा डायोड असतो. दुसऱ्यात कार्बन डायऑक्साइड वायूची नळी असते व तिची शलाका डोळ्यांस दिसत नाही. या दुसऱ्या प्रकारच्या लेझरचा शोध १९६४ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत चंद्र कुमार नारणभाई पटेल यांनी लावला. त्यांचा जन्म १९३८ साली बारामतीचा, आणि अभियांत्रिकीचे शिक्षण पुण्याच्या सरकारी महाविद्यालयात झालेले, हे आपणा मराठी वाचकांस ऐकून संतोष होईल. पाटीच्या दगडावर दोन्ही प्रकार चालतात.

किती शक्ती व किती वेग ठेवावा याचा एकच आकडा देता येत नाही. प्रत्येक दगड निराळा. दगडाच्या मागील बाजूस लहान चौकोन निरनिराळ्या वेगाने कोरून पाहावेत व सर्वांत स्वच्छ दिसेल तो निवडावा. दोन ओळींतील अंतर सुमारे ०.१ मिलिमीटर ठेवावे. शक्ती वाढविली म्हणजे पांढरेपणा वाढतो हा भ्रम आहे. अति उष्णतेने अक्षराची कड फुटते आणि काचेचे खडबडीत मणी उठतात. यंत्राच्या प्रकारास योग्य असा चष्मा लावल्याशिवाय जवळ उभे राहू नये. धूर पंख्याने घराबाहेर जाईल अशी सोय असावी, आणि यंत्र चालू असता खोली सोडून जाऊ नये.

अखेरचा हात

कोरून झालेल्या दगडावरील भुकटी फुंकून उडवू नये. ओल्या मऊ ब्रशाने काढावी व दगड पुन्हा पूर्ण वाळवावा. त्यानंतर तेलाचा हात. भुईमुगाचे वा तिळाचे तेल काही आठवड्यांनी चिकट होते, त्यास वास येतो व धूळ बसते. औषधाच्या दुकानात मिळणारे लिक्विड पॅराफिन यास उत्तम. फडक्यावर थोडेसे घेऊन सर्व पृष्ठभागावर पातळ फिरवावे, पंधरा मिनिटांनी कोरड्या फडक्याने निपटून पुसावे आणि एक दिवस ठेवावे. दगडाचा रंग गडद काळा होतो. काचेसारखी झालेली अक्षरे तेल फारसे शोषून घेत नाहीत, म्हणून ती अधिक उठून दिसतात. घरात ठेवावयाच्या वस्तूस सहा महिन्यांनी हा हात पुन्हा द्यावा. बाहेर लावावयाच्या शिलेस तेल न लावता दगडासाठी मिळणारे, आत मुरणारे व चकाकी न आणणारे सीलर द्यावे. सीलर तेलकट दगडावर धरत नाही, म्हणून दोन्ही एकाच शिलेवर करू नये.

आमच्या आजोबांची दुसरी शिला आम्ही याच क्रमाने केली. दगड लिंबाने पारखून घेतला, पाण्याखाली घासला, दोन दिवस वाळविला, आणि नाव घरातील दोघांनी वाचल्यावरच कोरावयास घेतले. कोरण्यास अर्धा तासही लागला नाही. तयारीस चार दिवस गेले. तिच्यावरून दोन पावसाळे गेले आहेत व नाव रस्त्यावरून वाचता येते. पहिला कडप्पाही आम्ही टाकून दिला नाही. तो आतील देवघराच्या भिंतीस लावला आहे. तेथे पाऊस पोहोचत नाही.