‘दिवसाला दोन-चारच ओढतो’ म्हणणाऱ्यांच्या फुफ्फुसाचं काय होतं?

पारावर बसलेल्या कुणालाही विचारा, किती ओढता? उत्तर ठरलेलं असतं, "फार नाही, दोन-चार. आपल्याला काही त्रास नाही." गोम तिथंच आहे. फुफ्फुसाची बरीच ताकद जाईपर्यंत अनेकांना काही जाणवतच नाही. मग एक दिवस उसाची मोळी ट्रॉलीवर चढवताना दम लागतो आणि माणूस म्हणतो, वय झालं.

वयानं ताकद घटते, हे खोटं नाही. स्पायरोमेट्री नावाच्या तपासणीत छातीभर श्वास घेऊन नळीत जोरानं फुंकायचं असतं. पहिल्या एका सेकंदात किती हवा बाहेर आली, तो आकडा महत्त्वाचा. तिशीनंतर कधीच न ओढणाऱ्याचाही हा आकडा वर्षाला साधारण 30 मिलिलिटरनं खाली येतो. प्रश्न वेगाचा आहे.

अमेरिका आणि कॅनडात पाच हजारांवर धूम्रपान करणाऱ्यांचा अभ्यास झाला आणि त्यातल्या बहुतेकांची 11 वर्षांनी पुन्हा तपासणी झाली. सिगारेट सोडून दिलेल्या पुरुषांची घट वर्षाला सरासरी 30 मिलिलिटर, ओढत राहिलेल्यांची 66. वीस वर्षांचा हिशेब लावला तर फरक जवळपास पाऊण लिटर हवेचा होतो.

मग दोन-चारचं काय? अमेरिकेतल्याच 25 हजारांवर लोकांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा दिवसाला पाचपेक्षा कमी ओढणाऱ्यांचं जादा नुकसान 30 किंवा त्याहून जास्त ओढणाऱ्यांच्या सुमारे दोन तृतीयांश निघालं. म्हणजे सिगारेटी सहापट कमी, पण नुकसान सहापट कमी नाही.

"आमचा आजा नव्वदीपर्यंत ओढत होता," हेही खरं असतं. सगळ्यांचं फुफ्फुस सारखं खराब होत नाही. पण आपण आज्यासारखे की त्याच्या दम्यानं गेलेल्या भावासारखे, हे आधी कळायची सोय नाही.

बिडीवाल्यांनीही खूश होऊ नये. बिडीत तंबाखू कमी असते, पण तेंदूच्या पानातून हवा नीट जात नाही. विझू नये म्हणून जोरानं आणि वारंवार झुरके घ्यावे लागतात. त्यामुळे धूर छातीत कमी जात नाही. घरात चुलीचा धूर असेल तर त्याची भर वेगळी.

आत काय होतं? श्वासनळीतल्या बारीक केसांसारख्या तंतूंचं काम कफ वर ढकलायचं. धुरानं ते मंदावतात, कफ साचतो, सकाळचा खोकला सुरू होतो. पुढे हवेच्या इवल्या पिशव्यांच्या भिंती फाटतात. त्या पुन्हा जुळत नाहीत. म्हणून गेलेली ताकद पूर्ण परत मिळत नाही, सोडल्यावर फक्त घसरण मंदावते. पन्नाशीत सोडली तरी हा फायदा मिळतो, पण तिशीत सोडणाऱ्याच्या हाती जास्त शिल्लक राहते.

सोडल्यावर काहींचा खोकला काही दिवस वाढतो. "सोडली आणि उलट त्रास झाला," म्हणत बरेच जण इथंच परत पेटवतात. ते तंतू पुन्हा कामाला लागल्याचं हे लक्षण असू शकतं. खोकला आठवड्यांनंतरही थांबला नाही किंवा रक्त पडलं, तर मात्र लगेच डॉक्टरांना दाखवावं.

स्पायरोमेट्रीसाठी जिल्हा रुग्णालयात किंवा छातीच्या डॉक्टरांकडे चौकशी करावी. तंबाखू सोडण्यासाठी केंद्र सरकारची मोफत हेल्पलाइन आहे: 1800-11-2356.