भाव, आवक आणि इलेक्ट्रॉन

हिंगणघाटच्या बाजारात कापसाची आवक वाढली की भाव पडतो. भाव पडला की शेतकरी गाडी घरीच थांबवतो आणि आवक घटते. चिपमधल्या नॅनो ट्रान्झिस्टरच्या पोटातही असाच पेच आहे. इलेक्ट्रॉन कुठे जमतील हे विद्युत विभव ठरवतो आणि विभव किती असेल हे जमलेले इलेक्ट्रॉन ठरवतात.

हा पेच सोडवायला संगणक आधी विभवाचा एक अंदाज धरतो. श्रोडिंगरच्या समीकरणातून इलेक्ट्रॉनांची दाटी काढतो, ती पॉइसाँच्या समीकरणात घालून विभव सुधारतो, की पुन्हा पहिल्यापासून. दोन फेऱ्यांतला फरक नगण्य झाला की उत्तर मिळालं.

एवढा खटाटोप कशाला? कापसाचा तंतू साधारण १५,००० नॅनोमीटर जाड. आधुनिक चिपमधली सिलिकॉनची भिंत जेमतेम ५ ते ७ नॅनोमीटर, म्हणजे अणूंचे काही डझन थर. इथे इलेक्ट्रॉन लाटेसारखा वागतो आणि पातळ निरोधक थरातून चक्क आरपार निसटतो. बंद तोटीही गळावी, तसं.

ही गळती चिप घडवल्यावर कळली तर दिवाळं. पडद्यावरच कळली तर खर्च फक्त विजेचा. मुंबईच्या आयआयटीसारख्या संस्थांत म्हणूनच प्रयोगशाळेच्या जोडीला हे गणित चालतं.