मेंडोलीनची पट्टी: शिसव, आबनूस की नुसता काळा रंग?

कापडाच्या धंद्यात हयात घालवलेल्या माणसाने वाद्यांवर काय लिहावे, असा प्रश्न आमच्या काही वाचक बंधूंना पडणे साहजिक आहे. परंतु माल ओळखण्याचे हुनर एकच असते, मग तो माल लठ्ठा असो की लाकूड. अंधेरी, घाटकोपर, मुलुंड, बोरिवली या उपनगरांतील वाद्यांच्या दुकानांत आता चीनमध्ये बनलेली स्वस्त मेंडोलीने टांगलेली दिसतात. बाहेरून सर्व सारखीच. तीच तांबूस-काळी झळाळी, तीच एफ अक्षरासारखी भोके, तेच चकचकीत पडदे. किमतीत मात्र दुपटी-तिपटीचा फरक. हा फरक कशाचा, असे विचारले तर विक्रेता पटकन म्हणतो, "साहेब, याची पट्टी रोजवूडची आहे, त्याची एबनीची." एवढ्या एका वाक्यावर सौदा ठरतो. रोजंदारीवर काम करणाऱ्या बापाने महिनाभराची कमाई मोजून मुलाला वाद्य घेऊन दिले आणि एका पावसाळ्यात ते बेसूर होऊन भिंतीवर लटकले, तर ती रक्कम पाण्यात गेली असेच म्हणावे लागेल. म्हणून या वाक्याची थोडी छाननी करणे आम्हाला आवश्यक वाटते.

मेंडोलीन मुळात इटलीचे, परंतु मुंबईला ते परके नाही. हिंदी चित्रपटसंगीतात त्याने पन्नास वर्षे राज्य केले. संगीतकार सज्जाद हुसेन (1917-1995) लहानपणी वडिलांकडून सतार शिकले आणि पुढे मेंडोलीनवर शास्त्रीय राग वाजवू लागले. ज्या वाद्याचे पडदे ठोकलेले आहेत त्यावर मींड काढणे ही साधी गोष्ट नव्हे. लक्ष्मीकांत-प्यारेलाल या जोडीतील लक्ष्मीकांत (1937-1998) हे आमच्या उपनगरातलेच, विलेपार्ल्याचे. गरिबीच्या दिवसांत मेंडोलीन वाजवूनच त्यांनी पोट भरले. दक्षिणेत यू. श्रीनिवास (1969-2014) यांनी जोड्या काढून टाकून पाच एकेरी तारांच्या इलेक्ट्रिक मेंडोलीनवर कर्नाटक संगीत उभे केले. आणि 1995 च्या 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे' नंतर तर सरसोच्या शेतातले ते मेंडोलीन घराघरांत पोहोचले. मागणी आहे, म्हणूनच माल येतो.

आता पट्टीकडे वळू. मेंडोलीनला आठ तारा असतात, दोन-दोनच्या चार जोड्या, व्हायोलिनच्या सुरांत लावलेल्या: जी, डी, ए, ई. दांडीवर एक पातळ लाकडी पट्टी चिकटवलेली असते. तिलाच फिंगरबोर्ड म्हणतात. तिच्यात करवतीने बारीक खाचा पाडून धातूचे पडदे ठोकतात. सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले असतात, सूर चुकला तर सरकवता येतात. मेंडोलीनचा पडदा एकदा ठोकला की ठोकला. खाच केसभर चुकली, किंवा लाकूड फुगून पट्टी वाकली, तर वाजवणारा कितीही तयारीचा असो, सूर लागणार नाही. शिवाय पोलादी तारांच्या जोड्या दिवसरात्र या पट्टीवर दाबल्या जातात. म्हणून इथे लाकूड कठीण, घट्ट आणि हवेने कमी हलणारे लागते.

जुन्या काळापासून दोनच लाकडांना मान आहे. पहिले आबनूस, म्हणजे एबनी. आफ्रिकेतील आबनूस एका घनमीटरला सुमारे 950 किलो भरते, जवळजवळ पाण्याइतके जड. पोत इतका बारीक की बोट घासले तरी रेषा लागत नाही. दुसरे रोजवूड, आणि जगभर आज ज्या रोजवूडच्या पट्ट्या बसतात त्यातील फार मोठा भाग आपल्या शिसवीचा आहे. हीच शिसव आपल्या आजोबांच्या पलंगाला आणि कपाटाला होती. तिचे वजन घनमीटरला सुमारे 830 किलो. तिच्या अंगातच तेल असते, त्यामुळे घाम लागला तरी ती सोसते आणि पॉलिशशिवाय वर्षानुवर्षे टिकते. उत्तरेतील शिसम, ज्यावर सहारनपूरचे कारागीर नक्षी कोरतात, ती तिचीच बहीण, पण निराळी जात. मेपल सुमारे 700 किलोचे, पांढरे, त्यावर लॅकर चढवावेच लागते, नाहीतर मळते. अक्रोड सुमारे 610 किलोचे, त्यातल्या त्यात मऊ.

बिडीच्या धंद्यातील बंधूंना एक गोष्ट गंमतीची वाटेल. ज्या टेंभुर्णीच्या पानात तंबाखू गुंडाळला जातो, ते झाड आबनुसाच्याच कुळातले आहे, आणि जुन्या झाडाचा गाभा काळाच असतो.

आमचे लाकूड परदेशात जाते, चिनी कारखान्यात पट्टी म्हणून चिकटते आणि 'इम्पोर्टेड' होऊन अंधेरीला परत येते. कापसाचे आणि कापडाचे जे एकेकाळी मँचेस्टरशी झाले तेच इथे, इतकेच की जहाज आता दुसऱ्या दिशेला जाते. या प्रवासात कागदपत्रांना किती किंमत आहे, हे 2011 साली साऱ्या जगाला कळले. ऑगस्ट 2011 मध्ये अमेरिकन सरकारी अधिकाऱ्यांनी गिब्सन या कंपनीच्या नॅशव्हिल व मेम्फिस येथील कारखान्यांवर छापे घातले. मेंडोलीनचा आजचा नमुना म्हणजे एफ-5, तो 1922 साली बाजारात आणणारी हीच कंपनी. जप्त झालेल्या मालात भारतातून गेलेल्या शिसवीच्या व आबनुसाच्या पट्ट्या होत्या. वाद असा की, ही पट्टी म्हणजे नुसते कापलेले लाकूड की वाद्याचा तयार भाग? भारतातून कापीव लाकूड बाहेर पाठवण्यावर निर्बंध आहेत, तयार भागावर तसे नाहीत. म्हणजे जकातीच्या कागदावरील चार आकड्यांच्या एका संकेतावर सारा मामला अडला. 2012 मध्ये तडजोड झाली. मादागास्करच्या आबनुसाच्या जुन्या प्रकरणापोटी कंपनीने 3 लाख डॉलर दंड भरला आणि 50 हजार डॉलर वन्यजीव संस्थेला दिले. भारतीय माल मात्र परत मिळाला. कंपनीने त्याच लाकडाच्या गिटारी करून 'गव्हर्न्मेंट सिरीज' या नावाने विकल्या! व्यापारी डोके म्हणतात ते हे.

पुढे 2 जानेवारी 2017 पासून शिसवीची सारी जमात साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात गेली आणि परवान्याशिवाय ती सीमेपार नेणे कठीण झाले. झळ सर्वात आधी आमच्या कारागिरांना बसली. सरकारी अंदाजानुसार शिसमच्या फर्निचर व हस्तकलेची निर्यात वर्षाला 1000 कोटींवरून 500-600 कोटींवर आली. तयार वाद्यांना नोव्हेंबर 2019 मध्ये सूट मिळाली. नोव्हेंबर 2022 मध्ये पनामा येथील परिषदेत भारताने मागणी लावून धरल्यावर, प्रत्येक नग 10 किलोच्या आतला असेल तर कितीही नगांची खेप परवान्याशिवाय पाठवता येईल, असा खुलासा झाला.

मधल्या काळात वाद्यांचे कारखानदार स्वस्थ बसले नाहीत. भाजलेले मेपल आले, कागदाचे थर राळेत दाबून बनवलेली काळी पट्टी आली, स्वस्त लाकूड काळे रंगवून 'एबनाइज्ड' हे भारदस्त नाव देण्याची चाल तर जुनीच. कागद-राळेची पट्टी वाईट नाही हे आम्ही स्पष्ट सांगतो. ती फुगत नाही, झिजत नाही. टेरीकॉट टेरीकॉट म्हणून विकले तर कोणाची तक्रार नसते, ते सुती म्हणून विकले की फसवणूक होते. तोच न्याय इथे.

मग दुकानात ओळखायचे कसे? आमच्या धंद्यात रंग पक्का की कच्चा हे पाहण्यासाठी पांढरे फडके ओले करून घासतात. इथेही तेच चालते. दुकानदाराची परवानगी घेऊन पट्टीच्या शेवटच्या टोकावर, जिथे हात लागत नाही तिथे, ओलसर पांढरे फडके घासा. काळे डाग उतरले तर रंग वर चढवलेला आहे. पण इथे घाई करू नये. खऱ्या आबनुसातही करड्या-तपकिरी रेघा असतात आणि त्या लपवण्यासाठी कारखानदार त्यालाही रंग देतात. कॅमेरूनच्या जंगलात तर केवळ रेघा आहेत म्हणून तोडलेले झाड तिथेच टाकून देण्याची रीत होती. 2011 साली तिथली लाकडाची गिरणी टेलर गिटार कंपनीने भागीदारीत घेतली, तेव्हा ही नासाडी उघडकीस आली. म्हणजे रेघ हा दोष नव्हे, उलट ती खरेपणाची खूण असू शकते. म्हणून फडक्यानंतर भिंग घ्या. शिसवीत सुईने ओढल्यासारखी बारीक उघडी छिद्रे लांबीच्या दिशेने दिसतात. रंगवलेल्या मेपलमध्ये ती दिसत नाहीत, पृष्ठभाग सपाट, शाईत बुडवल्यासारखा असतो. पट्टीच्या कडेला, पडद्यांची टोके जिथे संपतात तिथे, रंग पातळ असतो. खालचे पांढरे लाकूड तिथेच डोकावते.

आमचे मत विचाराल तर स्वस्त मेंडोलीनला साधी शिसवीची पट्टी सर्वात किफायतशीर. आबनूस उत्तम खरे, पण कोरड्या हवेत त्याला तडा जाण्याची भीती जास्त, आणि या किमतीत मिळणारे आबनूस किती सुकवलेले असेल याची शंका आहेच. "एबनीने आवाज बदलतो" हे विक्रेत्याचे बोलणे फारसे मनावर घेऊ नये. स्वस्त वाद्यात आवाज ठरतो तो वरच्या तबलीने. ती सलग स्प्रूसची आहे की प्लायची, हे पाहण्यासाठी एफ भोकाच्या कडेला बॅटरीचा उजेड टाका. वरच्या रेषा कडेतून आत उतरत गेल्या तर लाकूड सलग, थर दिसले तर प्लाय. पाठ प्लायची असली तरी चालेल, तबली सलग हवी. पैसा वाढवायचा तर इथे वाढवावा, पट्टीच्या काळेपणासाठी नव्हे. केंटकी, ईस्टमन या नावांची मेंडोलीने चीनमध्येच बनतात आणि त्यांत सलग लाकडाची मॉडेलेही आहेत. चिनी म्हणजे टाकाऊ, हा समज सोडलेला बरा.

बाकी पाहण्याच्या गोष्टी हातानेच कळतात. पडद्यांच्या कडेवरून तळहात फिरवा, खरचटले तर पट्टी आकसली आहे. वरची आडवी खाचांची पट्टी, जिला नट म्हणतात, ती काही मेंडोलिनांत साडेअठ्ठावीस मिलिमीटर तर काहींत तीस मिलिमीटर रुंद असते. दीड मिलिमीटर म्हणजे काय मोठे, असे वाटेल, पण करवत-हातोडा धरणाऱ्या जाड बोटांना तोच फरक जाणवतो. पट्टी सपाट की किंचित गोलाई दिलेली, हे ज्याच्या-त्याच्या हाताच्या सवयीवर आहे. बाराव्या पडद्यावर तार पट्टीपासून फार उंच असेल तर शिकणाऱ्याची बोटे सोलून निघतील. दीड मिलिमीटरच्या आसपास अंतर असावे. घोडी स्क्रूने वर-खाली होणारी घ्यावी. ती चिकटवलेली नसते, तारांच्या दाबाने उभी असते, म्हणून दुकानात हलवलेल्या वाद्याचे सूर चुकीचे लागतात. बाराव्या पडद्यावर बोट नुसते टेकवून येणारा सूर आणि दाबून येणारा सूर एक आला पाहिजे. नाही आला तर घोडी सरकवून घ्यावी, आणि तरीही जमले नाही तर ते वाद्य तिथेच ठेवावे. दांडीच्या आत लोखंडी सळई असून ती किल्लीने कसता येते का, हेही विचारावे. आठही तारांचा मिळून दीडशे पौंडांहून अधिक ताण त्या बारीक दांडीवर असतो.

हे सर्व मुंबईत अधिक महत्त्वाचे, कारण इथली हवा. जुलैत हवेतील ओल 80 टक्क्यांवर जाते, लाकूड पाणी पिते, दांडी हलते, घोडी उचलली जाते. खरेदी शक्यतो पावसाळ्यात करावी, म्हणजे वाद्याची सर्वात वाईट अवस्था डोळ्यांसमोर असते.

आता आमच्या कारागीर बंधूंसाठी दोन शब्द, कारण खरा धंदा आम्हाला इथे दिसतो. जोगेश्वरी-ओशिवऱ्याच्या फर्निचर बाजारात जुने पलंग आणि कपाटे मोडून लाकूड निघते. त्यात पन्नास-साठ वर्षे सुकलेली शिसव असते. अशी शिसव आता हलत नाही. मेंडोलीनच्या पट्टीला लागते किती? टाचभर रुंदही नाही, लांबी फूटभर, जाडी काही मिलिमीटर. जो तुकडा भंगारात जातो त्यातून दहा पट्ट्या निघतील. खाचांची मापे गणिताने ठरलेली असतात, एकदा पत्र्याचा साचा करून घेतला की चुकत नाही. रंगवलेली पट्टी उखडून शिसवीची बसवणे, पडदे घासून एकसारखे करणे, नट बदलून हाडाचा बसवणे, ही कामे करणारा माणूस उपनगरात शोधावा लागतो. मिरजेच्या सतारमेकर मंडळींचे उदाहरण समोर आहे. त्यांचे पूर्वज शिकलगार, हत्यारांना धार लावणारे. त्यांनी तून लाकूड आणि भोपळा हाती घेतला आणि पिढ्यान्पिढ्या वाद्ये घडवली. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. हत्यारे सोडून सतार जमली, तर पलंगाच्या कारागिराला मेंडोलीनची पट्टी जमणार नाही, असे आम्हाला वाटत नाही.

खरेदी करणाऱ्यांनी एवढे मात्र जरूर करावे: पक्के बिल घ्यावे, आणि त्यावर मॉडेलचे नाव, तबली सलग की प्लाय, आणि पट्टी कोणत्या लाकडाची हे लिहून मागावे. तोंडाने 'एबनी' म्हणणारे काही विक्रेते लिहिण्याची वेळ आली की 'ब्लॅक' एवढेच लिहितात.