अकरा आकड्यांची चावी

घराला कुलूप असतं. कुलपाला चावी असते. चावी हातात असली, तर घर आपलं. चावी नसली, तर आपल्याच दारात आपण परके.

आज आपण एका वेगळ्या चावीची माहिती घेऊ. ही चावी लोखंडाची नाही, पितळेचीही नाही. ती आहे अकरा आकड्यांची. ब्राझील देशात ती लागते. तिथले लोक तिला सीपीएफ म्हणतात.

तुम्ही म्हणाल, ब्राझील कुठं आणि आपण कुठं! त्या देशाशी आपला काय संबंध?

संबंध आहे, बरं का. कोकणातला काजू मूळचा ब्राझीलचा. पोर्तुगीजांनी तो गोव्यात आणला. गोव्यावर १९६१ सालापर्यंत पोर्तुगीजांचं राज्य होतं. ब्राझीलवरही १८२२ सालापर्यंत त्यांचंच राज्य होतं. म्हणून ब्राझीलची भाषा आजही पोर्तुगीज आहे. आपण पाव खातो, बटाटा खातो, पगार घेतो, चावी फिरवतो. हे चारही शब्द आपल्याकडे पोर्तुगीज भाषेतून आले. ब्राझीलमध्ये पैसे देणं याला ‘पगार’ म्हणतात, आणि चावीला ‘शावी’ म्हणतात.

शिवाय आपली माणसं आता दूरदूर जातात. पुण्याच्या बजाज कंपनीनं २०२४ साली ब्राझीलच्या मनाउस शहरात मोटारसायकलींचा कारखाना सुरू केला. कुणी कामासाठी परदेशी जातं, कुणी शिक्षणासाठी. उद्या तुमच्या घरातलंही कुणी जाईल. तेव्हा ही माहिती वाया जाणार नाही.

खिशात पैसे, पण खिडकी बंद

समजा, तुमचा भाचा ब्राझीलमधल्या साओ पाउलो शहरात पोचला. हातात मोबाइल आहे. खिशात पैसे आहेत. रात्र झाली आहे, भूक लागली आहे. तो मोबाइलवर जेवण मागवायला बसतो.

मोबाइलमध्ये अ‍ॅप असतात. अ‍ॅप म्हणजे एकेका कामाची खिडकी. टपाल कचेरीत जशा खिडक्या असतात, तशाच. एका खिडकीवर तिकिटं, दुसरीवर मनिऑर्डर. मोबाइलमध्येही तसंच. एका खिडकीतून जेवण मागवता येतं. एकीतून भाड्याची गाडी बोलावता येते. एकीतून सामान घरी येतं. एकीतून पैसे पाठवता येतात.

ब्राझीलमध्ये जेवणासाठी आयफूड नावाचं अ‍ॅप फार चालतं. सामानासाठी मेर्कादो लिव्रे आहे. भाचा नाव लिहितो, पत्ता लिहितो. मग एक रिकामी चौकट येते. तिच्यावर लिहिलेलं असतं, ‘सीपीएफ’. ती भरल्याशिवाय गाडं पुढं सरकत नाही. पोराकडं तो नंबर नाही. झालं! खिडकी बंद.

असं पुष्कळ ठिकाणी होतं. मोबाइलचं सिम घ्यायला गेलं, तर सीपीएफ विचारतात. बँकेत खातं उघडायला सीपीएफ लागतो. औषधाच्या दुकानात सवलत हवी, तर सीपीएफ सांगा म्हणतात. साओ पाउलोत किराणा घेतला, तरी गल्ल्यावरचा माणूस विचारतो, ‘पावतीवर सीपीएफ घालू का?’

हा नंबर आहे तरी काय?

आपल्याकडं आयकर खातं पॅन नंबर देतं. त्यात दहा खुणा असतात, काही अक्षरं नि काही आकडे. सीपीएफ हा ब्राझीलचा तसाच नंबर. तो तिथलं कर खातं देतं. त्या खात्याचं नाव रेसेइता फेदेराल. सीपीएफ या अक्षरांचा अर्थ ‘व्यक्तींची नोंदवही’ असा आहे. कंपनीची नोंद वेगळी, माणसाची वेगळी.

ही नोंद सुरू झाली १९६०च्या सुमारानंतरच्या दशकात, कराच्या हिशेबासाठी. पुढं काय झालं? प्रत्येक माणसाचा नंबर निराळा. तो आयुष्यभर बदलत नाही. मग बँकेनं तोच धरला. दुकानानं तोच धरला. मोबाइल आले, तेव्हा अ‍ॅपनंही तोच धरला. २०२३ साली तर तिथं कायदाच झाला. सरकारी कामात माणसाची ओळख पटवायला सीपीएफ हाच नंबर पुरेसा धरावा, असं त्यात ठरलं.

आपल्याकडं करासाठी पॅन, आणि ओळखीसाठी बारा आकडी आधार. तिथं ही दोन्ही कामं बरीचशी एकाच नंबरावर चालतात. म्हणून तो नसला की अडचणही दुप्पट.

एक भीती मनातून काढा. नंबर घेतला म्हणजे लगेच कर भरावा लागतो, असं नाही. कर कमाईवर लागतो. नंबर ही नुसती ओळख.

नंबर बिघडला तर

परक्या माणसाचीच अडचण होते असं समजू नका. २०२० साली करोनाची साथ आली. कामं बंद पडली. ब्राझील सरकारनं गरिबांना महिना ६०० रेआल मदत जाहीर केली. रेआल म्हणजे तिथला रुपया. मदतीचा अर्ज मोबाइलच्या अ‍ॅपवरून करायचा होता. त्यासाठी सीपीएफ नीट चालू असायला हवा, अशी अट होती. पुष्कळांच्या नोंदीत काही ना काही चूक निघाली. साथ चालू, अंतर ठेवा असा हुकूम, आणि कर खात्याच्या कचेऱ्यांपुढं लांबच लांब रांगा! पोटासाठी माणसं उभी होती.

यातून काय दिसतं? कागद नीट करायचा तो गरज पडण्याआधी. विहीर तहान लागायच्या आधी खणावी.

नंबर मिळवायचा कसा?

परदेशी माणसालाही सीपीएफ मिळतो. निघण्यापूर्वी आपल्या देशातूनही अर्ज करता येतो. मुंबईत ब्राझीलची वकिलात आहे, दिल्लीत मोठी वकिलात आहे. कर खात्याच्या संकेतस्थळावरही अर्ज असतो. तिथं पोचल्यावर टपाल कचेरीत किंवा सरकारी बँकेत अर्ज दिला, तर थोडी फी पडते. खुद्द कर खात्याकडं अर्ज केला, तर फी नाही. म्हणून ‘एवढे हजार द्या, नंबर काढून देतो’ असं म्हणणाऱ्या दलालापासून लांब राहा.

अर्जाला पासपोर्ट लागतो. जन्मतारीख लागते. आईचं नाव लागतं. ते नीट लिहा. पुढंही ओळख पटवताना आईचं नाव विचारतात.

नावाची एक खास गोष्ट आहे. आपण आपलं नाव, मग वडिलांचं किंवा नवऱ्याचं, मग आडनाव असं लिहितो. कधी वडिलांचं नाव गाळतो. कधी नुसतं एक अक्षर घालतो. परदेशी यंत्राला हे समजत नाही. पासपोर्टावर जसं नाव आहे तसंच, अक्षराला अक्षर, अर्जावर लिहा. मग बँकेत तसंच, अ‍ॅपमध्येही तसंच. एका कागदावर एक आणि दुसऱ्यावर दुसरं झालं, की खिडकी पुन्हा बंद.

उसना नंबर नको

आता समजा, भाच्यानं घरी फोन केला.

भाचा : मामा, इथं नंबराशिवाय काही चालत नाही. शेजारचा म्हणतो, माझा नंबर घाल.

मामा : अरे, दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर आपलं पीक लावशील का?

भाचा : नाही, मामा. पण अडलंय ना! मोबाइलवर नंबर तयार करून देणारं यंत्रही आहे म्हणे.

मामा : यंत्राला नंबर करता येत असेल. पण त्याला सरकारी वहीत तुझं नाव लिहिता येतं का?

भाचा : ते कसं येईल!

मामा : मग तो नंबर काय कामाचा? चार दिवस कळ काढ. स्वतःचा नंबर काढ.

मामाचं बोलणं बरोबर आहे. सीपीएफमधले पहिले नऊ आकडे घेऊन एक हिशेब करतात. त्या हिशेबातून शेवटचे दोन आकडे येतात. एखादा आकडा चुकला, तर हिशेब जुळत नाही आणि यंत्राला चूक कळते. हा हिशेब कुणालाही करता येतो. म्हणून खोटा नंबरही जुळवता येतो. पण पुढं अ‍ॅप किंवा बँक नंबर आणि नाव ताडून पाहते. तिथं लबाडी उघडी पडते. नंबर दुसऱ्याचा निघाला, तर गुन्ह्याची पाळी येते.

नंबर येईपर्यंत उपाशी राहायचं का? मुळीच नाही. खाणावळीत जाऊन रोख पैसे द्यावेत. रस्त्यावरची टॅक्सी घ्यावी. बाजारात भाजी घ्यायला नंबर लागत नाही. काही दुकानांत पासपोर्ट दाखवून सिम मिळतं. आजारी पडलं, तर सरकारी दवाखाना आहे. ब्राझीलमध्ये सरकारी दवाखान्यातला उपचार मोफत असतो, आणि परदेशी माणसालाही तो मिळतो.

नंबर वेगळा, गुपित वेगळं

ब्राझीलमध्ये नोव्हेंबर २०२० पासून पिक्स चालू झालं. ते तिथल्या रिझर्व्ह बँकेसारख्या मध्यवर्ती बँकेनं काढलं. आपल्याकडं २०१६ सालापासून यूपीआय आहे, तसंच ते. रात्री बारा वाजताही पैसे क्षणात पोचतात. भाजीवाल्यापासून मोठ्या दुकानापर्यंत सगळे पिक्स घेतात. त्यासाठी बँकेत खातं लागतं, आणि खात्यासाठी सीपीएफ.

पिक्समध्ये पैसे ज्या खुणेवर येतात, तिलाच ‘शावी’ म्हणतात. म्हणजे आपली चावीच की! ही चावी म्हणून मोबाइल नंबर देता येतो, सीपीएफ देता येतो, किंवा एक लांबलचक खूण देता येते. अनोळखी माणसाला सीपीएफ देण्यापेक्षा ती लांब खूण दिलेली बरी. पैसे पाठवताना घेणाऱ्याचं नाव पडद्यावर येतं. ते वाचा. मगच बटण दाबा.

इथं एक फरक नीट समजून घ्या. सीपीएफ हा घराच्या पाटीसारखा आहे. तो दुकानात सांगावा लागतो. पण पासवर्ड, आणि मोबाइलवर येणारा गुप्त आकडा, हे तिजोरीचे. ते कुणालाही सांगायचे नाहीत, मग समोरचा स्वतःला साहेब म्हणवो की बँकेचा माणूस म्हणवो.

ठग लोक तिथंही आहेत. ते संदेश पाठवतात : ‘तुमचा सीपीएफ बंद होणार. ताबडतोब इथं पैसे भरा.’ माणूस घाबरतो आणि पैसे भरतो. पैसे गेले ते गेलेच. असा संदेश आला, तर त्यातलं काही दाबू नये. कर खात्याच्या संकेतस्थळावर आपण होऊन जावं, किंवा कचेरीत विचारावं. आपल्याकडंही पॅन नि आधारच्या नावानं असेच संदेश येतात. घाई करायला लावतो, तो बहुधा ठगच.

ध्यानात ठेवा

१. परदेशी जाण्यापूर्वी तिथं कोणता नंबर लागतो, ते विचारा.
२. नाव सगळीकडं एकसारखं लिहा.
३. दलालाला पैसे देऊ नका.
४. दुसऱ्याचा नंबर वापरू नका, आपला उसना देऊ नका.
५. नंबर सांगावा लागतो. पासवर्ड कधीही सांगू नका.

आपल्या गावातला परका

ब्राझीलमध्ये अडलेल्या भाच्याची आपल्याला काळजी वाटली. मग एक गोष्ट पाहा. आपल्या गावातही परका माणूस येतो. कुणी वीटभट्टीवर येतो, कुणी ऊसतोडीला, कुणी गवंडीकामाला. कुणी परराज्यातून येतो. त्याच्या कागदावर पत्ता दुसरा असतो. त्याला आपली भाषा येत नाही. मोबाइलमधली चौकट त्याच्याही पुढं रिकामी राहते. दुकानाशी उभा राहून तो इकडंतिकडं बघतो.

तुम्ही आता वाचायला शिकला आहात. त्याच्याजवळ जा. अर्ज वाचून दाखवा. कोणती चौकट कशाची, ते सांगा. त्याचं गुपित विचारू नका, आणि ‘कुणाला सांगू नकोस’ असंही त्याला बजावून ठेवा. वाचता येणं हीसुद्धा एक चावीच आहे. ही चावी दुसऱ्यासाठी फिरवली, तरी झिजत नाही.