जुन्या गाडीचे नाक

दसऱ्याच्या संध्याकाळी कोल्हापूरच्या दसरा चौकात छत्रपती घराण्याची मेबॅक गाडी येते, तेव्हा सोने लुटायला जमलेल्या पोरांचे निम्मे लक्ष त्या गाडीकडे असते. इतकी जुनी गाडी अजून चालते कशी, हा प्रश्न मग वर्गातही निघतो. मेबॅक हे नाव विल्हेल्म मायबाख या जर्मन अभियंत्याचे. हवेच्या झोतात पेट्रोलचा बारीक फवारा सोडणारा कार्ब्युरेटर त्यांनी १८९३ साली बनवला आणि पुढे जवळजवळ शतकभर जगातील मोटारी याच तत्त्वावर धावल्या. कार्ब्युरेटरला हवा आणि पेट्रोल दोन्ही लागतात. पेट्रोल गाळून घ्यावे हे कोणालाही पटते. हवेचे मात्र आपल्या लक्षात राहत नाही. जुन्या मोटारीचे बॉनेट उघडले की कार्ब्युरेटरच्या डोक्यावर जो काळा पत्र्याचा डबा दिसतो तो एअर क्लीनर. जुनी गाडी नीट करणारे इंजिनावर हजारो रुपये खर्च करतात आणि हा डबा मिळेल तो, बसेल तसा बसवतात. त्यात काय बिघडते, ते पाहू.

आपल्याकडच्या जुन्या मोठ्या मोटारींत सहा सिलिंडरची इंजिने पुष्कळ आढळतात. जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत मोटारी जोडण्यास सुरुवात केली. पुढच्याच वर्षी शेव्हरोलेचे सहा सिलिंडरचे इंजिन बाजारात आले. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सने कुर्ल्याच्या कारखान्यात क्रायस्लरच्या सहकार्याने डॉज, प्लिमथ आणि डिसोटो या गाड्या बाहेर काढल्या. त्यांतली सहा सिलिंडरची इंजिने साधारण साडेतीन लीटरची होती. आपण हाच आकडा हिशेबाला घेऊ.

चार स्ट्रोकच्या इंजिनात दर दोन फेऱ्यांत प्रत्येक सिलिंडर एकदा हवा ओढतो. मिनिटाला ३००० फेरे असतील तर साडेतीन लीटर गुणिले १५००, म्हणजे ५२५० लीटर. सिलिंडर कधीच पूर्ण भरत नाहीत. चार-पंचमांश भरतात असे धरले तरी मिनिटाला ४२०० लीटर, सेकंदाला ७० लीटर हवा आत जाते. स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला सहा ते आठ लीटर हवा घेतो. म्हणजे हे एक नाक सहाशे माणसांचा श्वास एकटे घेते. पेट्रोलच्या बाजूने मोजले तर एक लीटर पेट्रोल जाळायला सुमारे दहा हजार लीटर हवा लागते.

या हवेत कोल्हापूरच्या परिसरात काय नसते? पश्चिमेला पन्हाळ्याकडे जांभ्याची तांबडी धूळ, नदीकाठी काळ्या मातीची, आणि शिरोली-गोकुळ शिरगावकडे फौंड्रीची वाळू. ही वाळू म्हणजे क्वार्ट्झ, मोह्‌सच्या मापनावर काठिण्य ७. सिलिंडरचे बिडाचे लोखंड त्यापेक्षा बरेच मऊ. पिस्टनची रिंग आणि सिलिंडर यांच्यामध्ये तेलाचा जो थर असतो तो काही मायक्रोमीटर जाडीचा. त्याहून जाड असलेला कठीण कण तेलात पोहत राहू शकत नाही, तो दोन्ही बाजूंना घासतो. गॅरेजमध्ये व्हॉल्व्ह घासून बसवायला मेस्त्री तेलात कालवलेली ग्राइंडिंग पेस्ट वापरतात. सिलिंडरमध्ये धूळ गेली की तीच पेस्ट आपोआप तयार होते आणि कोणी थांबवेपर्यंत काम करत राहते. उद्यमनगरात जुन्या इंजिनाला नवी स्लीव्ह ठोकून मिळते, रिंगाही जमवता येतात; पण ब्लॉक नवा मिळत नाही आणि तो किती वेळा बोअर करता येईल याला मर्यादा असते.

आता सहा सिलिंडरचे वैशिष्ट्य. पंचगंगेच्या काठी उसाला पाणी देणारी एक सिलिंडरची ऑईल इंजिने आपल्या परिचयाची आहेत. त्यांत दोन फेऱ्यांच्या, म्हणजे ७२० अंशांच्या फिरण्यात १८० अंशच हवा ओढली जाते; उरलेले ५४० अंश श्वास बंद. सहा सिलिंडरच्या इंजिनात दर १२० अंशांनी एकेका सिलिंडरचा श्वास सुरू होतो आणि १८० अंश चालतो. म्हणजे पहिल्याचा संपण्याआधी ६० अंश दुसऱ्याचा सुरू झालेला असतो. पिस्टनचा वेग टोकाला शून्य आणि मध्यावर सर्वाधिक, म्हणून हवेचा ओघ ढोबळमानाने साइनच्या आलेखासारखा धरता येईल. दहावीच्या वर्गाकडून ही बेरीज करून घ्यावी. एक सिलिंडर ० अंशांवर असतो तेव्हा आधीचा १२० वर असतो: ० अधिक ०.८६६. पहिला ३० वर येतो तेव्हा दुसरा १५० वर: ०.५ अधिक ०.५, म्हणजे १. एकटाच ९० अंशांवर असेल तेव्हाही १. सगळा आलेख काढला तर ओघ ०.८६६ आणि १ यांच्यामध्येच खालीवर होतो. खऱ्या इंजिनात व्हॉल्व्ह थोडे आधी उघडतात आणि उशिरा मिटतात, त्यामुळे आकडे बदलतील. पण सहा सिलिंडर मिळून जवळजवळ अखंड श्वास घेतात, हे खरे.

याचा डब्याशी संबंध आहे. सगळ्यांना एकच कार्ब्युरेटर असेल तर डब्यातून सलग वारा वाहतो आणि तशाच वाऱ्यासाठी तो डबा बनवलेला असतो. काही गाड्यांना दोन कार्ब्युरेटर असतात, एकेकाच्या वाट्याला तीन सिलिंडर. तेथे श्वास २४० अंशांनी येतात आणि प्रत्येक वेळी ६० अंशांची खोट पडते. म्हणूनच अनेक गाड्यांत दोन्ही कार्ब्युरेटरांवर मिळून एकच सामाईक डबा दिलेला असतो. त्यात दोघांचे हेलकावे बरेचसे एकमेकांना भरून काढतात. तो काढून दोन चकचकीत चपटे फिल्टर लावण्याची फॅशन आहे. दिसायला ते छान दिसतात, आणि आमच्या मते त्यांचा तेवढाच उपयोग आहे.

दुसरी चूक तोंडाच्या मापाची. सेकंदाला ७० लीटर हवा ६ सेंमी व्यासाच्या तोंडातून जाताना तिचा वेग सुमारे २५ मीटर होतो. लहान गाडीचा ४ सेंमी तोंडाचा डबा पत्र्याचा तुकडा लावून बसवला तर वेग ५६ मीटर होतो. वेगासाठी लागणारा दाब वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो, म्हणून पहिल्या वेळी पाण्याचे साडेतीन सेंमी पुरतात तर दुसऱ्या वेळी सतरा सेंमी लागतात. व्यास दीडपट कमी, दाबाची किंमत पाचपट. शिवाय पेट्रोल ओढले जाते तेही दाबातील फरकानेच. कार्ब्युरेटरच्या पेट्रोलच्या वाटीला बाहेरची हवा लागत असेल तर कोंडलेल्या डब्यामुळे फरक वाढतो, पेट्रोल जास्त येते आणि धूर काळा होतो. वाटीची नळी डब्याच्या आतल्या बाजूला जोडलेली असेल तर दोन्हीकडचा दाब बरोबरीने उतरतो आणि मिश्रण फारसे बिघडत नाही. डबा बदलताना ही बारीक नळी लोंबत ठेवणारे लोक आहेत.

त्या काळच्या बहुतेक डब्यांत तेल असते. ऑईल बाथ म्हणतात ते हेच. हवा वरून खाली येते, तेलाच्या पृष्ठभागाजवळ एकदम उलटी वळते आणि तारांच्या गुंत्यातून वर जाते. हवा हलकी, ती वळते. जड कण जडत्वामुळे सरळ जातात आणि तेलात बुडतात. उडालेले तेलाचे तुषार तारांना ओले ठेवतात, चुकून वर आलेले कण तेथे चिकटतात आणि तेलाबरोबर निथळून खाली येतात. गुंत्याचा आणखी एक उपयोग आहे. इंजिनाने कार्ब्युरेटरकडे उलटा भडका मारला तर तारांमध्ये ज्योत निवते. हम्फ्री डेव्ही यांनी १८१५ साली खाणकामगारांच्या दिव्याला जाळी लावली तेव्हा हेच तत्त्व वापरले होते. डबा काढून ठेवून गाडी चालवणाऱ्याने ही आग आठवावी.

या रचनेत तेलाची पातळी महत्त्वाची, म्हणून आत खूण असते. कमी तेलाने तारा कोरड्या राहतात. जास्त तेल त्याहून वाईट: वळणाची जागा अरुंद होते, वारा तेल उचलून कार्ब्युरेटरमध्ये नेतो, प्लग काळे पडतात. डबा तिरका बसला तर एकाच डब्यात एका बाजूला जास्त आणि दुसऱ्या बाजूला कमी असे दोन्ही दोष एकदम येतात. तेलासकट हा डबा जड होतो. म्हणून त्याला इंजिनाकडून आधाराची पट्टी दिलेली असते. ती हरवली तर सगळा भार आणि हादरे कार्ब्युरेटरच्या मानेवर येतात आणि ओतीव धातूला तडा जातो. पट्टीशिवाय बसवलेला मूळ डबाही चुकीचाच बसवलेला असतो.

मूळ तेच योग्य, असा आग्रह धरणाऱ्यांना एक गोष्ट मान्य करावी लागेल. ऑईल बाथचे काम जडत्वावर चालते आणि जडत्वाला वेग लागतो. मिरवणुकीत माणसांच्या चालीने चालणाऱ्या, धुळीत घुरघुरत उभ्या राहणाऱ्या गाडीत हवा संथ असते, आणि बारीक धूळ हवेबरोबर वळून निघून जाते. घड्यांच्या कागदाचा फिल्टर या वेळीही चांगले गाळतो. जुन्या डब्यात आतून योग्य मापाचा कागदी फिल्टर बसवणे आम्हाला गैर वाटत नाही, मग स्पर्धेतले परीक्षक काही म्हणोत. अट एकच, त्याच्या कडा नीट मिटल्या पाहिजेत.

ही अट किती कडक आहे ते पाहा. फिल्टर शंभरातले नव्व्याण्णव कण अडवतो असे धरू. शंभरातला एक भाग हवा कडेच्या फटीतून न गाळता गेली तर तिच्याबरोबर आणखी एक कण जातो. धूळ दुप्पट झाली! पाच भाग हवा अशी गेली तर जवळजवळ सहापट. सहा सेंमीच्या तोंडाचा परीघ १९ सेंमी भरतो. त्याच्याभोवती दोन कागदांच्या जाडीची, ०.२ मिमीची फट राहिली तर तिचे क्षेत्रफळ तोंडाच्या सव्वा टक्क्याहून थोडे अधिक होते. वाळलेले फेल्टचे वॉशर, वाकलेला काठ, ढिली क्लिप, यांतले एक पुरते. उलट वरची पाखरी नटबोल्टच्या ताकदीने आवळली तर झाकण वाकते आणि फट दुसरीकडे पडते. ती हातानेच आवळायची असते.

फट डोळ्यांना दिसत नाही, पण शोधता येते. डब्यानंतरच्या नळीत आतून पांढऱ्या ग्रीसचा पातळ हात फिरवावा, सगळे जोडून गाडी आठवडाभर वापरावी आणि उघडून बोट फिरवावे. बोट खरखरले तर धूळ फिल्टरला वळसा घालून येते आहे. ट्रॅक्टरवरही हा प्रयोग होतो, तेव्हा खेड्यातल्या शाळेलाही तो करता येईल. ग्रीस स्वच्छ निघाले तरी तेल भरायच्या झाकणाकडे एकदा पाहावे. त्या काळच्या इंजिनांत क्रँककेसची हवा नळीने सरळ रस्त्यावर सोडलेली असे, आणि तिच्या जागी नवी हवा या झाकणातून आत येई. झाकणातही तारांची जाळी असते. ती रॉकेलमध्ये धुऊन, तेलात बुडवून, निथळून परत लावायची असते.