प्रवासाची पिशवी व वस्तुसंग्रहालयाचें दर्शन

नाताळची किंवा उन्हाळ्याची सुटी जवळ आली म्हणजे घरोघरीं प्रवासाचे बेत सुरू होतात. कोठें जावयाचें, कोणाकडे उतरावयाचें, किती दिवस राहावयाचें, ह्या गोष्टी बहुतेक लोक पुष्कळ आधीं ठरवितात. परंतु बरोबर काय न्यावें आणि तेथें गेल्यावर काय व कसें पाहावें, ह्या दोन प्रश्नांचा विचार मात्र शेवटच्या रात्रीं होतो. मग जें हातीं लागेल तें पिशवींत कोंबलें जातें, आणि जें वाटेंत दिसेल तें पाहिलें जातें. वरवर पाहतां हे दोन प्रश्न वेगळे वाटतात; पण दोहोंच्या मुळाशीं एकच गोष्ट आहे, आणि ती म्हणजे निवड. थोडें व उपयोगी तेवढेंच बरोबर घेणें हें प्रवासाचें पहिलें शास्त्र, आणि थोडें पण नीट पाहणें हें दुसरें. ह्या दोन्ही शास्त्रांची तोंडओळख आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस व्हावी, म्हणून हा लेख.

प्रथम पिशवीचा विचार करूं. आपले वाडवडील यात्रेस निघत, तेव्हां खांद्यावर पडशी टाकीत. तिला पुढें एक व मागें एक अशीं दोन तोंडें असत, त्यामुळें ओझें दोन्ही बाजूंस सारखें विभागलें जाई आणि दोन्ही हात मोकळे राहत. ही साधी युक्ति आजहि विसरण्यासारखी नाहीं. ओझें किती आहे ह्याबरोबरच तें शरीरावर कसें टेकलें आहे, हेंहि महत्त्वाचें असतें. एका खांद्यावर लोंबणारी जड पिशवी शरीरास एका अंगास ओढते, आणि तोल सांभाळण्यासाठीं पाठीच्या स्नायूंस सारखें ताणून राहावें लागतें. दोन्ही खांद्यांवर पट्टे असलेली, पाठीस लागून बसणारी पिशवी तितकेंच ओझें पुष्कळ सुखानें वाहूं देते. पट्टे रुंद असावेत. कारण तेंच वजन अधिक जागेवर पसरलें म्हणजे दाब कमी होतो, हा पदार्थविज्ञानाचा नियम तुम्ही वर्गांत शिकलांच आहां. जड वस्तु पाठीच्या बाजूस व मध्यभागीं ठेवाव्या, हलक्या बाहेरच्या बाजूस. जड वस्तु बाहेर ठेवली तर ती प्रवाशास मागें खेंचते, आणि तो पुढें वांकून चालूं लागतो.

वजन किती असावें? केंद्र सरकारनें २०२० सालीं शाळेच्या दप्तराविषयीं जें धोरण प्रसिद्ध केलें, त्यांत मुलाच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाहून दप्तर जड असूं नये असें सांगितलें आहे. हीच मर्यादा प्रवासांतहि पाळावी. मुलगा ४० किलो वजनाचा असेल, तर त्याच्या पाठीवर ४ किलोच पुरे. आगगाडींत दुसऱ्या वर्गाच्या उतारूस ३५ किलोपर्यंत सामान मोफत नेतां येतें. पण नेतां येतें म्हणून न्यावेंच असा कांहीं नियम नाहीं. विमानांत बरोबर ठेवावयाच्या पिशवीस आपल्या देशांतील प्रवासांत बहुधा ७ किलोंची मर्यादा असते, आणि लांबी ५५, रुंदी ३५ व जाडी २५ सेंटीमीटर हें माप सर्वसाधारणपणें चालतें. तिकिटावर काय लिहिलें आहे तें मात्र आधीं वाचून घ्यावें.

ह्या ७ किलोंत रिकाम्या पिशवीचेंहि वजन धरलेलें असतें, ही गोष्ट दुकानांत पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. चाकांची कडक पेटी सुमारें ३ किलोंची असली, तर सामानासाठीं ४ किलोच उरले. शिवाय चाकें गुळगुळीत फरशीवर धांवतात, एस. टी. स्थानकाच्या खड्ड्यांत, पुलाच्या पायऱ्यांवर व गल्लींतल्या दगडांवर तीं निरुपयोगी होतात, आणि पेटी उचलूनच न्यावी लागते. म्हणून पालकांनीं पेटीच्या चकाकीकडे न पाहतां पुढील गोष्टी पाहाव्या. पिशवी रिकामी उचलून पाहावी. पट्टे जेथें शिवले आहेत तेथें दुहेरी शिवण आहे कीं नाहीं तें पाहावें. पिशवी प्रथम फाटते ती तेथेंच. चेन दहा वेळां उघडून लावून पाहावी. आंतील अस्तर फिक्या रंगाचें असावें, म्हणजे तळाशीं गेलेली किल्ली चटकन दिसते. तोंड पुरतें उघडणारें असावें. एक बाहेरचा कप्पा तिकिटासाठीं, व एक आंतला पैशांसाठीं असला कीं काम झालें. ज्यांना नवी पिशवी घेणें शक्य नाहीं, त्यांनीं मन खट्टू करूं नये. शाळेचें दप्तर रिकामें करून धुतलें, तर चार दिवसांच्या प्रवासास तें पुरेसें होतें.

आंत काय ठेवावें? चार दिवसांसाठीं अंगावरील कपड्यांखेरीज दोन जोड पुरतात. एक धुवावा, एक वापरावा. कपडे घडी करून रचण्यापेक्षां गुंडाळून उभे ठेवावे, म्हणजे एक काढतांना दुसरा विस्कटत नाहीं. एक पंचा, साबण, रोजचें औषध, पाण्याची बाटली, पातळ चादर, एक वही व दोन पेन्सिली. विमानाचा प्रवास असल्यास कात्री, चाकू असल्या वस्तु हातच्या पिशवींत चालत नाहींत. उलट, फोनसाठीं नेलेली विजेची बॅटरी हातच्या पिशवींतच ठेवावी लागते. विमानाच्या पोटांत जाणाऱ्या सामानांत ती ठेवूं देत नाहींत, कारण ती पेटल्यास तेथें कोणाच्या लक्षांत येणार नाहीं. सर्व सामान भरून झाल्यावर पिशवी पाठीवर घेऊन घरांतल्या घरांत पाव तास फिरावें. जी वस्तु "असूं दे, लागली तर" म्हणून घेतली असेल, ती ह्या पाव तासांत आपोआप बाहेर येते. प्रभु येशूनें आपल्या बारा शिष्यांस गांवोगांवीं पाठविलें, तेव्हां त्यांच्या पाठीवर झोळीचेंहि ओझें ठेविलें नाहीं, ही शुभवर्तमानांतील गोष्ट आपणां सर्वांस ठाऊक आहे. ज्याला मोठ्या कामासाठीं जावयाचें आहे, त्यानें हलकेंच निघावें.

आतां दुसऱ्या प्रश्नाकडे वळूं. परगांवीं गेल्यावर समुद्र, बाजार, बाग हीं तर पाहावींच. पण ज्या शहरांत वस्तुसंग्रहालय आहे, तेथें तें पाहिल्याशिवाय परत येऊं नये. ‘म्यूझियम’ हा शब्द ग्रीक भाषेंतला आहे. विद्या व कला ह्यांच्या ज्या नऊ देवता ग्रीक लोक मानीत, त्यांचें स्थान हा त्याचा मूळ अर्थ. लंडनचें ब्रिटिश म्यूझियम १७५३ सालीं स्थापन झालें व १७५९ सालीं लोकांस खुलें झालें. आपल्या देशांतील सर्वांत जुनें संग्रहालय कलकत्त्याचें. तें एशियाटिक सोसायटीनें १८१४ सालीं स्थापन केलें. महाराष्ट्रांत राहणाऱ्यांस मात्र इतकें दूर जाण्याचें कारण नाहीं. मुंबई व पुणें येथेंच तीन संग्रहालयें अशीं आहेत, कीं प्रत्येकापासून एक निराळा धडा मिळतो.

मुंबईस भायखळ्याच्या राणीच्या बागेंत डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. १८७२ सालीं तें उघडलें, तेव्हां त्यास व्हिक्टोरिया व अल्बर्ट ह्यांचें नांव होतें. त्याच्या उभारणीसाठीं वर्गणी जमविण्याच्या कामीं जगन्नाथ शंकरशेट, जॉर्ज बर्डवूड व डॉ. भाऊ दाजी हे पुढें होते. ग्रँट मेडिकल कॉलेजांतून १८५१ सालीं जे पहिले वैद्य बाहेर पडले, त्यांत भाऊ दाजी एक होते. आणि रोग्यांची सेवा करीत असतांनाच त्यांनीं प्राचीन शिलालेख वाचण्याचें कामहि केलें. १९७५ सालीं संग्रहालयास त्यांचें नांव देण्यांत आलें. तेथें जुन्या मुंबईचे नकाशे आहेत, तसेंच निरनिराळ्या धंद्यांतील व समाजांतील लोकांच्या मातीच्या लहान प्रतिमा आहेत. सात बेटांचें एक शहर कसें झालें, हें भूगोलाच्या पुस्तकापेक्षां तेथें लौकर समजतें. बाहेर एक दगडी हत्ती उभा आहे. तो मूळचा घारापुरी बेटावरचा. ह्याच हत्तीवरून पोर्तुगीजांनीं त्या बेटास ‘एलिफंटा’ म्हटलें. १८६४ सालीं तो विलायतेस नेण्याच्या खटपटींत उचलतांना यारी मोडली व हत्तीचे तुकडे झाले. पुढें ते जोडून तो उभा करण्यांत आला. इमारत जुनी होऊन मोडकळीस आली होती, तिचा जीर्णोद्धार झाला, आणि त्या कामास २००५ सालीं युनेस्कोचें पारितोषिक मिळालें. मोडलेलें जोडतां येतें, हा ह्या संग्रहालयाचा धडा.

दुसरें म्हणजे कुलाब्याच्या बाजूस असलेलें छत्रपति शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. ह्याची कोनशिला १९०५ सालीं त्या वेळच्या प्रिन्स ऑफ वेल्सच्या हस्तें बसविण्यांत आली, म्हणून १९९८ पर्यंत तें त्याच नांवानें ओळखलें जाई. इमारतीचा शिल्पकार जॉर्ज विटेट. विजापूरच्या गोलघुमटाची आठवण देणारा तिचा घुमट दुरूनच डोळ्यांत भरतो. पहिल्या महायुद्धाच्या काळांत ह्या नव्या इमारतींत लष्करी रुग्णालय होतें. संग्रहालय म्हणून ती १९२२ सालीं लोकांस खुली झाली. सिंधमधील मीरपूर खास येथील बौद्ध स्तूपांतून निघालेल्या भाजक्या मातीच्या मूर्ति, राजपूत व मोगल शैलींचीं लहान चित्रें, शस्त्रें, नाणीं, तसेंच पशुपक्ष्यांचें दालन हें सर्व येथें आहे. टाटा बंधु सर रतन व सर दोराब ह्यांनीं जन्मभर जमविलेल्या कलावस्तूहि ह्याच संग्रहालयास मिळाल्या. आपण जमविलेलें धन सर्वांच्या डोळ्यांस खुलें करणें, हा येथील धडा. ज्यांना मुंबईस जाणें घडत नाहीं, त्यांच्यासाठीं ह्या संस्थेनें २०१५ सालीं मोटारगाडींत मांडलेलें फिरतें संग्रहालय सुरू केलें, हेंहि शाळांनीं ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

तिसरें पुण्याचें राजा दिनकर केळकर संग्रहालय. दिनकर गंगाधर केळकर हे ‘अज्ञातवासी’ ह्या नांवानें कविता लिहीत. त्यांचा एकुलता एक मुलगा राजा लहानपणींच वारला. संग्रहालयाच्या नांवांतील ‘राजा’ हा कोणी सिंहासनावरचा राजा नव्हे. तो हा लहानगा मुलगा होय. केळकरांनीं आपलें उर्वरित आयुष्य गांवोगांवीं हिंडून वस्तु जमविण्यांत घालविलें, आणि त्या सुमारें २०,००० झाल्या. ह्या वस्तु राजेरजवाड्यांच्याच आहेत असें नाहीं. दिवे, अडकित्ते, पाय घांसण्याच्या वज्र्या, दौती, कुलपें, कुंकवाचे करंडे, स्वयंपाकघरांतील भांडीं, वाद्यें, अशा रोजच्या वापरांतील वस्तूंनीं दालनें भरलेलीं आहेत. ज्या कारागिरानें अडकित्त्यास पोपटाचा आकार दिला, त्याचें नांव कोणासहि ठाऊक नाहीं. पण त्याच्या हातचें काम मात्र उरलें. पुत्रशोक झालेल्या एका पित्यानें अनेकांच्या नांव नसलेल्या पूर्वजांची आठवण जतन करून ठेविली. प्रेमानें दुःखाचें काय होऊं शकतें, हें पाहावयाचें असेल त्यानें तेथें जावें.

असें असतांहि शाळेच्या सहलींत पुष्कळ मुलें एका दारानें आंत जातात आणि अर्ध्या तासांत दुसऱ्या दारानें बाहेर पडतात. त्यांना विचारलें तर "पुष्कळ वस्तु होत्या" एवढेंच सांगतां येतें. ह्याचें कारण बुद्धीचा अभाव नव्हे. त्यांना पाहण्याची रीत कोणी सांगितलेली नसते. ती रीत थोडक्यांत अशी. जाण्यापूर्वीं संग्रहालय कोणत्या दिवशीं बंद असतें त्याची चौकशी करावी. पुष्कळ संग्रहालयें आठवड्यांतून एक दिवस बंद असतात. सकाळीं, पोटांत कांहीं घालून जावें. मोठी पिशवी दारापाशीं ठेवावयास दिली म्हणजे हात मोकळे होतात. लहान पिशवी आंत नेण्याची परवानगी असेल, तर ती पाठीवरून काढून पुढें धरावी, म्हणजे वळतांना कांचेस धक्का लागत नाहीं. वही व पेन्सिल मात्र बरोबर असावी.

आंत गेल्यावर प्रथम सर्व दालनांतून एकदां सावकाश फिरून यावें. मग त्यांतील पांचच वस्तु निवडाव्या व त्यांपाशीं परत यावें. प्रत्येक वस्तूपुढें पांच मिनिटें उभें राहावें, आणि पाटी वाचण्यापूर्वीं स्वतःस चार प्रश्न विचारावे. ही कशाची केली आहे? कोणी व कशानें केली असावी? कोणाच्या हातीं ती वापरली गेली असेल? आणि ती येथपर्यंत टिकली कशी? नंतर पाटी वाचावी. उत्तर चुकलें तरी हरकत नाहीं. ज्यानें आधीं प्रश्न विचारला, त्याच्याच मनांत पाटीवरील उत्तर राहतें. शेवटीं एका वस्तूचें चित्र वहींत काढावें. चित्र चांगलें यावें असा आग्रह नाहीं. फोन क्षणांत छायाचित्र घेतो आणि आपण पुढें जातों. पेन्सिल मात्र डोळ्यांस थांबावयास लावते.

कांहीं नियमांचीं कारणें मुलांना समजावून सांगावीं. "हात लावूं नका" ही पाटी रागानें लावलेली नसते. आपल्या बोटांवर घाम, क्षार व तेलाचा अंश असतो. त्यानें धातूवर डाग पडतात व तो हळूहळू खराब होतो. एका हातानें कांहीं होत नाहीं. पण रोज हजार हात लागले तर दगडहि झिजतो. जुन्या चित्रांच्या व वस्त्रांच्या दालनांत प्रकाश मंद ठेवतात, कारण प्रकाशानें रंग उडतात, आणि उडालेला रंग परत येत नाहीं. जी वस्तु तीनशें वर्षें अनेकांनीं सांभाळली, ती आपल्या एका क्षणाच्या हौसेखातर बिघडवूं नये.

पालकांस एवढीच विनंति कीं, मुलांस घाई करूं नये. मूल एकाच तलवारीपुढें किंवा एकाच पक्ष्यापुढें उभें राहिलें, तर त्यास ओढून नेऊं नये. तेथेंच त्याचें शिक्षण चाललेलें असतें. आणि तीन दालनें पाहून तें थकलें, तर उरलेलीं पुढच्या वेळेसाठीं ठेवावीं. घरीं आल्यावर त्यास आजीपाशीं बसवावें, आणि तेथें पाहिलेला अडकित्ता, दिवा किंवा पाटा-वरवंटा आपल्या घरीं होता कां, तो कोणाचा होता, तें विचारावयास सांगावें. आजीच्या उत्तरानें आपलें घरहि एक लहानसें संग्रहालय आहे, हें त्याला कळूं लागेल. तीं उत्तरें मुलानें त्याच वहींत लिहून ठेवावीं. कारण माळ्यावर पडलेल्या वस्तूची हकीकत सांगणारें माणूस एकदां गेलें, म्हणजे त्या वस्तूची पाटी पुन्हां कोणासहि लिहितां येत नाहीं.